अण्णांचे दगड आणि तेलाचा डबा

उज्जैनच्या माधव नगरातल्या पागनिसांकडे गोडा मसाला व्हायला लागला, की दगडफुलाचा विषय निघतोच. कल्पनाबाई काळसर, वाळकी दगडफुलं तेलाच्या दोन थेंबांवर परतत असतात आणि परतता परतता समोर जो कोणी बसला असेल त्याला सांगतात, "हे बघा, हेच ते. हेच मोजायला आमची सून पृथ्वीच्या टोकाला जाते. दौलतगंजात पंसाऱ्याकडे पुडीत मिळतं, पण नाही. तिला बर्फातलंच लागतं."

सून म्हणजे निहारिका. मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. नवरा विनायक बँकेत आहे. पागनिसांचा मूळपुरुष शिंदे सरकारच्या पागेवर हिशेब लिहायला म्हणून इकडे आला. पुढे घोडे गेले, सरकार गेलं, आडनाव तेवढं राहिलं. सासूच्या या बोलण्याला निहारिका कधी उत्तर देत नाही. फार तर म्हणते, "आई, करपेल."

दगडफूल हे फूल नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. एक राहायला घर देते, दुसरं रांधून घालतं. दोघांचंही एकमेकांवाचून चालत नाही आणि कोणी कोणाला बोलून दाखवत नाही. एवढं शास्त्र कल्पनाबाईंना पटलेलं आहे. पहिल्या वेळी निहारिका दक्षिण ध्रुवाच्या खंडावर निघाली तेव्हा त्यांनी तिच्या सामानात मसाल्याचा डबा घातला होता. तो तिने मुंबईहूनच परत पाठवला. बाहेरचं बी-बियाणं, बुरशी, माती असलं काही तिकडे न्यायची सक्त मनाई, आणि डब्यात तर दगडफूलच. कल्पनाबाईंनी डबा फडताळात ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस म्हणत होत्या, "माझा मसाला बाटलाय म्हणे त्यांच्याकरता!"

तिकडे आपल्या देशाचा एक जुना संशोधन तळ आहे. त्याच्या मागच्या बाजूला उघडा, खडकाळ उतार आहे. वारा झाडून नेतो म्हणून बर्फ तिथे टिकत नाही. त्या उतारावरच्या काही दगडांवर दगडफुलाचे नारिंगी-पिवळे डाग आहेत, कुठे रुपयाएवढे, कुठे बशीएवढे. माणसाचं नख आठवड्यात वाढतं तेवढं वाढायला या डागांना वर्ष लागतं, कधी तेही पुरत नाही. निहारिकाचे गुरू अण्णा मुजुमदार तरुणपणी तिकडे गेले, तेव्हा त्यांनी या दगडांशेजारी पितळेच्या लहान पट्ट्या ठोकल्या आणि मापं घ्यायला सुरुवात केली. गुडघे गेले तेव्हा ते काम त्यांनी निहारिकाला दिलं. म्हणाले, "सांभाळ. यांना घाई नसते, तूही करू नकोस." नंतरची मापं सगळी तिची. तरी दगड अण्णांचेच. अण्णा फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागे राहतात. ती गेली की पहिला प्रश्न तोच. पंखा लावायला सांगण्याच्याही आधी.

"माझे दगड कसे आहेत?"

"छान आहेत, अण्णा."

"हं. बस."

निहारिकाचा स्वभाव कळायला हवा असेल तर तिला लग्नात बघावं. उज्जैनच्या मराठी मंडळींत कुठेही कार्य असो, ती पोचल्यावर घटकाभरात तिच्या हातात वरणाचं भांडं दिसतं. कोणी दिलेलं नसतं. पदर खोचून ती पंगतीतून फिरते, "घ्या न, एवढंसंच, आमच्या हातचं" म्हणत माणसाच्या नाही-नाहीवर वाढते. घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं, हे तिला माहेरीही शिकवलं होतं आणि सासरीही. शेवटच्या पंगतीला मठ्ठा पातळ झालेला असतो आणि जिलब्यांचे तुकडे उरलेले असतात. त्यातच गोडी असते असं ती म्हणते. खरंच असते की काय, देव जाणे.

तर असं चाललेलं असताना जुन्या तळाच्या जागी नवा तळ उभारायचं ठरलं. जुन्याचे खांब बर्फाने पिळवटले होते, सांडपाण्याची नळी दर हिवाळ्यात गोठत होती. वरच्या संस्थेने नव्या तळाचा कच्चा आराखडा काढला आणि असं ठरवलं की बांधायच्या आधी तिथे राहून काम केलेल्या संशोधकांना विचारावं, त्यांना काय हवं, काय नको. इमारत बांधणाऱ्याने राहणाऱ्याला विचारण्याची ही तऱ्हा चांगलीच म्हणायची. प्रत्येक शाखेतून एकेका माणसावर मतं गोळा करायचं काम आलं. हवामान, बर्फ आणि जीवशास्त्र या गटाचं काम निहारिकाकडे आलं. सगळ्यांशी बोलायचं, जिथे एकमत आहे ते वर घ्यायचं, आणि नागपंचमीच्या आत पाठवायचं.

आराखडा आला तो दिवस गुरुपौर्णिमेच्या आसपासचा. तिने तो जेवणाच्या टेबलावर पसरला. विनायक पोळी हातात घेऊनच वाकून बघायला लागला.

"हे काय गोल गोल?"

"इंधनाच्या टाक्या."

"आणि तू एवढी गप्प का?"

तिने त्या गोलांवर बोट ठेवलं. "इथे अण्णांचे दगड आहेत."

आराखडा काढणाऱ्याचीही चूक नव्हती. त्याच्या कागदावर तो उतार म्हणजे मोकळी जागा. बर्फ नाही, तलाव दूर, जमीन पक्की.

"मग लिही की," विनायक म्हणाला. "तूच तर गोळा करणार आहेस. पहिलं आपलं लिही, मग बाकीच्यांचं."

"असं कसं? मी विचारणारी आहे. आधी सगळ्यांचं होऊ दे."

"आणि तुझं?"

"माझं काय, मी आहेच की शेवटी."

विनायकने पोळी संपवली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात वाद घालण्यासारखं काही आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

तिने फोन करायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, सगळं छान आहे. पुण्याचे दिलीप रेगे हवामानाचे, तिच्याहून वयाने मोठे. ते म्हणाले, "आराखडा उत्तम! आम्हाला काय, खांब उभा करायला जागा द्या, बास." पूजा सूक्ष्मजीवांवर काम करणारी, आख्खा हिवाळा तिथे काढलेली मुलगी. ती म्हणाली, "ताई, ठीकच आहे. ॲडजस्ट होतं." आदित्य इंदूरचा, बर्फातली रसायनं तपासणारा. त्याने हिंदीत सांगितलं, "मॅडम, जो देंगे, चलेगा."

दुसऱ्या कोणी हीच उत्तरं लिहून पाठवून दिली असती. पण पंगतीतला पहिला नकार नकार नसतो, हे निहारिकाला कोणी शिकवायला नको. तिने चार दिवस जाऊ दिले आणि परत फोन लावले. कामाचं विचारलंच नाही. पूजाला म्हणाली, "ओले मोजे कुठे वाळवायचीस गं?" पूजा एकदम सुटली. उशाशी वाळवायची. वाळवायला खोलीच नव्हती. आईला फोन करायचा तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं राहून, आणि मागे कोणीतरी कढईत खडखड करतंय. आईला वाटायचं पोरगी हॉटेलात नोकरीला लागली. नमुने ठेवायची थंड कोठडी प्रयोगशाळेपासून इतकी लांब, की नेईपर्यंत निम्मे वितळायचे. "हे सगळं सांगायचं असतं का, ताई? मला वाटलं तक्रार होईल."

दिलीपरावांना तिने विचारलं, "खांबाच्या आड काय येतं?" तर ते अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले, "पागनीसबाई, तुम्ही फार वाढता. पोट फुटेल."

आदित्यने मात्र एकच सांगितलं. जुन्या तळावर एका मोसमाचे त्याचे सगळे नमुने वाया गेले होते, कारण टाक्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा येतो त्या बाजूला होत्या आणि बर्फात इंधनाचा अंश उतरत होता. "टंकियाँ उस तरफ़ से हटनी चाहिए, मॅडम. बस. बाक़ी मैं ज़मीन पे सो जाऊँगा."

नव्या आराखड्यात टाक्या त्या बाजूने हटवलेल्याच होत्या. अण्णांच्या दगडांवर.

हे निहारिकाला त्या क्षणीच कळलं. ती म्हणाली, "हो, हो. लिहून घेते."

एकदा सगळ्यांनी समोरासमोर बसावं असं ठरलं. इंदूर म्हणा, भोपाळ म्हणा, पण सगळ्यांनी एकमुखाने उज्जैनच मागितलं, आणि तेही सोमवार. महाकाळाचं दर्शन होईल, त्याच्या पालखीची दुपारची सवारीही बघता येईल. श्रावणाचा सोमवार होता. म्हणजे गावाचा, उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे पौर्णिमेनंतर लागलेला श्रावण. पागनिसांचा श्रावण अमावस्येनंतर लागायचा होता. उज्जैनच्या मराठी घरांत ही दरवर्षीची गंमत आहे, गल्लीत कावडवाल्यांचं बोलबम चाललेलं असतं आणि घरात अजून आषाढच. कल्पनाबाई दोन्हीकडचे सोमवार धरतात. म्हणतात, "पंचांगं दोन असतील, महादेव एकच आहे." त्यामुळे त्या दिवशी आदित्यबरोबर त्यांनाही उपास होता. दोघांना साबुदाण्याची खिचडी, बाकीच्यांना दाल, तुपात बुडवलेले कणकेचे बाफले आणि चुरम्याचे लाडू.

मंडळी सकाळीच दर्शन करून, कपाळाला भस्म लावून आली. जेवणाआधी काम उरकायचं होतं, कारण उशीर झाला असता तर सवारीसाठी देवास गेटच्या पुढे रस्ते बंद झाले असते. कागदावरचा आराखडा बारीक होता, दिलीपरावांचा चष्मा गाडीत राहिला होता. तेव्हा पूजाच्या डोक्यात आलं, की जमिनीवरच मांडू या. आतून भांडी आली. मोठा कुकर म्हणजे मुख्य इमारत. पाण्याने भरलेली परात म्हणजे तलाव. वाट्या म्हणजे प्रयोगशाळा. वाऱ्याच्या खांबासाठी ताकाची रवी आणली. ती उभी राहीना, म्हणून कणकेच्या डब्यात खोचली.

"वारा कुठून?" दिलीपराव म्हणाले.

"देवघराकडून," पूजा म्हणाली.

"वा! म्हणजे देवघराच्या अंगाला काही ठेवायचं नाही. आदित्य, तुझा बर्फ तिकडे."

कल्पनाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "माझा कुकर मला जेवणाआधी परत लागेल," त्या म्हणाल्या.

हसत-खेळत काम भरभर झालं. वाळवणाची खोली दाराजवळ आली. थंड कोठडीची वाटी प्रयोगशाळेच्या वाटीला चिकटली. रवी कुकरपासून लांब सरकली. फोनसाठी दार लागणारी लहान खोली म्हणून कोणीतरी काड्यापेटी ठेवली. राहता राहिल्या टाक्या.

"टाक्यांना काय घेऊ?" पूजाने विचारलं.

निहारिका आत गेली आणि तेलाचा डबा घेऊन आली. जड होता. तो छातीशी धरून ती मांडणीपाशी उभी राहिली. सगळे वर बघत होते.

"इथे न, मॅडम?" आदित्यने कुकरच्या मागे, सोफ्याच्या पायाजवळ बोट दाखवलं. "उतार पे. हवा के नीचे. बिलकुल सही जगह."

"तिथे काय आहे हो आत्ता?" दिलीपरावांनी विचारलं. ते त्या बाजूला कधी गेले नव्हते. त्यांचा खांब पलीकडे.

आता इथे निहारिकाने काय म्हणायचं होतं, हे वाचणाऱ्याला कळतं. तिलाही कळत होतं. पण पाहुण्याने 'काय केलंय आज?' विचारलं, की पहाटेपासून राबलेली बाई 'काही नाही हो, साधंच' म्हणते. त्याच सुरात, त्याच हसऱ्या तोंडाने, ती म्हणाली, "काही नाही. दगडच आहेत."

आणि डबा तिने स्वतःच्या हाताने तिथे ठेवला.

"झालं तर मग!" दिलीपराव म्हणाले. "सर्वानुमते."

पूजा जरा थांबली. "पण ताई, तुमचं काय? तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."

"माझं काय, मी आहेच. चला, बाफले गार होतील."

पूजाने मांडणीचा फोटो काढला. मग कुकर आत गेला, पानं वाढली गेली, निहारिकाने आग्रह करकरून तूप वाढलं. मंडळी सवारी बघायला निघून गेल्यावर ती जेवायला बसली. तेलाचा डबा सोफ्याजवळ तसाच होता. जेवताना तिची नजर दोनदा तिकडे गेली. मग उठून तिने तो आत नेऊन ठेवला.

अहवाल तिने दोन दिवसांत तयार केला. पाठवायच्या आधी अण्णांना वाचून दाखवावा म्हणून टावर चौकाच्या मागे गेली. त्यांची मुलगी सुलू पोहे करत होती. अण्णा खिडकीशी बसले होते.

"माझे दगड कसे आहेत?"

निहारिकाने या वेळी 'छान' म्हटलं नाही. आराखडा दाखवला, सोमवारची हकीकत सांगितली. तेलाच्या डब्यापर्यंत सगळी. अण्णांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना किती पोचलं हे कळेना.

मग ते म्हणाले, "किती जणांना विचारलंस?"

"गटातल्या सगळ्यांना, अण्णा."

"मला नाही विचारलंस."

निहारिका गडबडली. "तुम्ही तर... तुम्ही घरचे."

"घरचा!" अण्णांनी काठी जमिनीवर टेकवली. "दोन हिवाळे काढले मी तिथे. सरकारी कागद म्हणतो की राहिलेल्या माणसाला विचारा, आणि ही म्हणते घरचा. सुलू, ऐकलंस? मी घरचा झालो, म्हणून माझं पानच मांडलं नाही!"

सुलू आतून म्हणाली, "पोहे देतेय, अण्णा. चिडू नका."

"मी चिडलेलो नाही. मला मत द्यायचंय. लिही."

निहारिकाने पेन काढलं. तिला वाटलं, आता अण्णाच दगडांचं बोलतील आणि सुटेल सगळं. वयाने मोठे, पहिल्या पंगतीचा मान त्यांचा. त्यांच्या नावावर ते वरती घेता येईल, कोणी हरकत घेणार नाही, आणि आपल्याला काही मागावं लागणार नाही. हे सगळं तिच्या मनात एका श्वासात येऊन गेलं.

"एक ओटा हवा," अण्णा म्हणाले.

"ओटा?"

"दाराबाहेर. वारा अडेल असा. नुसतं बसायला. काम करायला जागा, झोपायला जागा, जेवायला जागा, सगळं देतात. बसायला जागा नाही. माणूस बाहेर येतो, उभा राहतो, गारठतो आणि आत जातो. खिडकीतून बघणं म्हणजे बघणं नव्हे. लिहिलंस?"

"लिहिलं." तिने विचारलं, "आणि अण्णा, दगड?"

"दगडांचं काय?"

"त्यांचं तुम्ही..."

"मी कशाला? त्यांच्यावर उदक सोडलंय मी. तुला दिले तेव्हाच. सोडलेलं उदक परत घेतात का कोणी?" त्यांनी तिच्याकडे बघितलं. "दगड तुझे आहेत. हवे असतील तर तू माग. नसतील हवे तर नको मागू. पण माझ्या ताटाआडून जेवू नकोस."

पोहे आले. त्यावर उज्जैनच्या रिवाजाप्रमाणे मुठीने शेव. निहारिकाने खाल्ले की नाही हे तिच्या लक्षात नाही, पण बशी रिकामी झाली होती एवढं खरं.

घरी येऊन ती बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. मागणं ही एक गोष्ट. पण तिला वाढलेलं ताट परत ओढायचं होतं. आदित्यला टाक्यांची जागा तिने दिली होती, स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या हाताने, आणि तो जेवूनही गेला होता. याहून वाईट काही यजमानिणीच्या हातून होत नाही. कल्पनाबाई वाती वळत होत्या. त्यांना तिने सगळं सांगितलं.

"आता सगळ्यांना फोन करून सांगायचं, की मी खोटं बोलले?"

"खोटं कुठे? 'दगडच आहेत' म्हणालीस. दगडच आहेत."

"आई!"

कल्पनाबाईंनी वात बोटांत फिरवली. "वाढणारीचं कोणी काढून ठेवत नाही गं. तिनेच आधी झाकून ठेवायचं असतं. मी ठेवते. तुला काय वाटलं, मी एवढी वर्षं उरलेल्या तुकड्यांवर काढली?"

निहारिकाने पहिला फोन आदित्यला लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, डिब्बा तो आपने ही रखा था."

"हो."

"मैंने पूछा था, सही जगह है?"

"हो. माझं चुकलं."

"आपका चालीस साल का नाप है, मैं समझता हूँ. पण टाक्या परत वरच्या अंगाला आल्या तर माझं सगळं बर्फ खराब. मैं हाँ नहीं बोल सकता. तुम्ही तुमचं लिहा, आणि आदित्यची हरकत आहे हेपण लिहा."

"लिहिते," ती म्हणाली. तिला वाटलं होतं तो चिडेल, किंवा 'जाने दीजिए' म्हणेल. त्याने दोन्ही केलं नाही. त्याचं त्याने सोडलं नाही, एवढंच. आणि ते काही वाईट दिसलं नाही.

दिलीपराव भरपूर बोलले. "वा, पागनीसबाई! म्हणजे आम्ही बाफले खाऊन तुमच्याच घरावर नांगर फिरवून आलो. आणि तुम्ही वर तूप वाढत होता! अहो, तोंड आहे की नाही तुम्हाला?" मग हसणं थांबल्यावर म्हणाले, "उताराच्या खालच्या कडेला सरकवता येतील का बघायला सांगा त्यांना. वारा तोच राहील. जागा कमी आहे तिथे, पण सांगून तर बघा."

पूजाने फक्त म्हटलं, "मी विचारलं होतं न, ताई."

अहवालात शेवटी दोन ओळी होत्या. टाक्यांच्या जागेबद्दल गटात एकमत नाही, असं पहिल्या ओळीत. दुसरीत निहारिकाने स्वतःचं नाव घालून लिहिलं, की त्या उतारावर दगडफुलांचं दीर्घकाळ चालू असलेलं मोजमाप आहे आणि ती जागा वगळावी अशी तिची मागणी आहे. 'मागणी' हा शब्द तिने दोनदा खोडला, 'विनंती' केला, परत 'मागणी' केला. मग पाठवून दिलं. नागपंचमीला अजून अवकाश होता.

सुधारलेला आराखडा आला तो कार्तिकात. निहारिका तो घेऊन फ्रीगंजात गेली. थंडी पडायला लागली होती, अण्णा बाहेर ओट्यावर उन्हात बसले होते, पायांवर शाल.

"माझे दगड—" असं म्हणून ते थांबले. "तुझे दगड कसे आहेत?"

"टाक्या खाली सरकवल्या आहेत, अण्णा. पूर्ण सरकल्या नाहीत. वरचे दगड राहतायत. खालचे जातील."

"नारिंगी? मोठा?"

तो सगळ्यांत जुना. पहिली पट्टी अण्णांनी त्याच्याशेजारी ठोकली होती.

"तो खालीच आहे," ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला.

"आणि त्या पोराचं बर्फ?"

"त्याचं ठीक आहे. वारा तोच राहतो."

"चला. आणि माझं?"

तिने कागद त्यांच्या मांडीवर पसरला आणि बोट ठेवलं. दाराच्या डाव्या हाताला एक लहान चौकोन होता. अण्णांनी खिशातून भिंग काढलं.

"किती माणसं बसतील?"

"दोन. वाऱ्याकडे पाठ करून."

"दोन पुरे." त्यांनी भिंग कापडात गुंडाळलं. "बांधकाम सुरू व्हायच्या आत जाणारेस?"

"तिकडच्या या उन्हाळ्याच्या तुकडीत नाव दिलंय. या वेळी मीच मागून घेतलं."

"गेलीस की नारिंगीचं माप आधी घे," अण्णा म्हणाले. "बाकीचे थांबतील."